आधी एक फेरी

कॅप्टनबाई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकलेलं गिऱ्हाईक आहे. शहापुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. दारात शिकवायची गाडी, आत एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, आणि मागे दोन खोल्यांत आमचा संसार. पन्नाशीच्या, काटक, सावळ्या, केस बारीक कापलेल्या एक बाई बूट घालून ताडताड दारासमोरून गेल्या. आत बघितलं, पण थांबल्या नाहीत. थोड्या वेळाने मागच्या खिडकीतून त्यांचं डोकं सरकताना दिसलं. मग ते पलीकडच्या बोळातून बाहेर आलं, आणि तेव्हा कुठे बाई दारात उभ्या राहिल्या.

"मागं तुमचा गॅसचा सिलिंडर उन्हात हाय," त्या म्हणाल्या. "सावलीत घ्या." एवढं बोलून समोरच्या खुर्चीत बसल्या.

मी मुळात तापट. दिवसभर शेजारी बसून दुसऱ्यांच्या चुका झेलायच्या हा माझा धंदा, त्यात माणसाचा स्वभाव गोड राहत नाही. परकी बाई माझ्या घराला वळसा घालते आणि वर मलाच शिकवते म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. "काम काय ते बोला," मी म्हटलं.

"गाडीचं लायसन्स रिन्यू करायचंय. मुदत कधीच संपली."

"इतकी वर्षं काय करत होता?"

"विमान चालवत होते."

माझ्याकडे रोज कोणी ना कोणी थापा मारणारा येतो. कुणाचा मामा पोलिसात असतो, कुणी दुबईत ट्रेलर चालवलेला असतो आणि त्याला साधा रिव्हर्स येत नसतो. मी तोंड वाकडं करून विचारलं, "मग विमानाचं लायसन्स आहे ना?"

"तेही संपलंय," बाई म्हणाल्या. "त्याच्याच खेपा घालायला गाडी लागते."

पुढे कळलं ते सगळं खरं होतं. बाई मूळच्या डोळखांबच्या पुढच्या एका गावातल्या, भात-नाचणी करणाऱ्या घरातल्या. त्या वैमानिक कशा झाल्या यावर शहापुरात तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, आणि मला खात्री आहे की तिन्ही त्यांनीच पसरवल्यात. आफ्रिकेत छोटी विमानं उडवण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. औषधं, बियाण्यांची पोती, आजारी माणसं, कधी कधी शेळ्यासुद्धा घेऊन जायचं आणि रानात माती चोपून केलेल्या पट्टीवर उतरायचं. तिथे त्या देशाचं लायसन्स चालत होतं, म्हणून इथल्याकडे बघितलं नाही. आता कायमच्या परत आल्या होत्या. डोंगराळ भागात छोटी विमानं चालवणाऱ्या इथल्या एका कंपनीने त्यांना घ्यायचं कबूल केलं होतं, पण आधी इथलं लायसन्स ताजं करून आणा म्हणून सांगितलं होतं.

"आणि नाही झालं तर?" माझ्या बायकोने एकदा विचारलं. ती असले प्रश्न बेधडक विचारते.

"तर मी भावाच्या ओटीवर बसलेली बाई," कॅप्टनबाई म्हणाल्या. "सकाळी लसूण सोलायचा, दुपारी गोधडी शिवायची. मला दोन्ही येत नाय."

गाडीचं लायसन्स मी करून दिलं. आमच्यात रिन्यू करणं म्हणजे डॉक्टरचा कागद, फोटो, थोडं ताटकळणं, झालं. त्यांच्या विमानाच्या लायसन्सचं ऐकून माझेच पाय दुखायला लागले. डोळ्यांपासून कानांपर्यंत तपासणी, नियमांचा पेपर, हवामानाचा पेपर, रेडिओवर बोलायची तोंडी परीक्षा, आणि शेवटी परीक्षकाला शेजारी बसवून प्रत्यक्ष उड्डाण. शिवाय 'हिने आमच्याकडे खरंच इतकी वर्षं विमान चालवलं' असा तिकडच्या सरकारचा निरोप दिल्लीला पोचायला हवा. तिकडचे साहेब 'उद्या पाठवतो' म्हणायचे आणि उद्याही तेच म्हणायचे. त्या बाबतीत ते आपलेच भाऊबंद निघाले.

दिल्लीचं काम सगळं फोनवरच्या ओटीपीवर चालतं, आणि बाईंच्या गावात नेटवर्क नाही. पंचायतीच्या कॉम्प्युटरवर नंबर टाकून त्या रेंज मिळणाऱ्या टेकडीकडे पळत सुटायच्या, वर पोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. शेवटी वैतागून त्यांनी आमच्या वरची खोली भाड्याने घेतली. बॅग आणली ती दाराशी ठेवली आणि ती तिथेच राहिली. कपडे बॅगेतून काढायचे, धुऊन पुन्हा बॅगेत. खोलीतलं कपाट बायकोने मुद्दाम पुसून दिलं होतं, त्यात त्यांनी शेवटपर्यंत एक हातरुमालसुद्धा ठेवला नाही.

एका जागी बसणं हे त्यांच्या अंगातच नव्हतं. जेवायच्या ते उभ्याने, ताटली हातात घेऊन, खिडकी ते दार आणि दार ते खिडकी. नियमांचं पुस्तक घेऊन गच्चीवर फेऱ्या घालायच्या. माझी बायको तिथेच पाटावर बसून भाजी निवडता निवडता त्यांना पुस्तकातले प्रश्न विचारायची. तिचं इंग्रजी दहावीपर्यंतचं आणि उच्चार तिच्या माहेरच्या मुरबाडचे. कॅप्टनबाईंना ते ऐकून हसू यायचं नाही. उलट त्या म्हणायच्या, "वहिनी, रेडिओवर काय काय ऐकलंय मी, तुमचं लय स्पष्ट हाय." दोन्ही पेपरांत बाई पहिल्या झटक्यात पास झाल्या, आणि बायको महिनाभर अशी वावरत होती की पेपर हिनेच दिले.

काही सांगितलं की समोरच्याने ते परत बोलून दाखवलंच पाहिजे, ही त्यांची आणखी एक खोड. दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर, गाईचं" म्हटलं आणि तो "हो" म्हणाला की बाईंचा पारा चढायचा. "हो काय हो? काय सांगितलं मी, ते बोल." तो बिचारा म्हणायचा, "अर्धा लिटर, गाईचं." मग कुठे त्या दार लावायच्या. आपल्याकडे माणूस न ऐकताच 'हो हो' म्हणतो, हे मीही जाणतो. डावीकडे वळ म्हटलं की 'हो सर' म्हणून उजवीकडे वळणारी पोरं मी रोज बघतो. त्यामुळे ही खोड मी गुपचूप उचलली. हल्ली माझी पोरं आधी बोलून दाखवतात आणि मग उजवीकडे वळतात.

वाऱ्याचंही त्यांना वेड. मुरबाडच्या रस्त्याला वीटभट्ट्या लागल्या की धुराकडे बघून म्हणायच्या, "वारा वायव्येचा, जोर बेताचा." कुणी विचारलेलं नसायचं. भात कापून मोकळं झालेलं सपाट शेत दिसलं की मान वळवून बघत राहायच्या आणि म्हणायच्या, "इथं उतरता येईल. बांध फोडावा लागेल." एकदा ज्याचं शेत तो बांधावरच उभा होता. त्याला वाटलं, बाई जमीन घ्यायला आल्यात. घरी नेऊन चहा पाजला त्याने.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे ती फेरी. कुठेही जाताना बाई पहिल्या खेपेला आत शिरायच्याच नाहीत. हॉटेल असो, दवाखाना असो, देऊळ असो. आधी पुढून जायचं, सगळीकडून बघून घ्यायचं, वळसा पुरा करायचा आणि मग आत. गाडी चालवतानाही तेच. कुठे गाडी लावायची असली तर ती जागा ओलांडून पुढे जायच्या, लांबून वळवून परत यायच्या. शहापूरच्या बाजारात मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमायचे.

मुरबाडला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं, बायकोने आग्रह करून त्यांना बरोबर घेतलं. आम्ही मांडवात शिरलो, बाई बाहेरच्या बाहेर गायब. थोड्या वेळाने नवरीचा मामा माझ्या कानाशी आला. "ती केस कापलेली बाई तुमच्याबरोबर हाय का? मघापासून चपलांच्या बाजूनं फिरते."

"वैमानिक आहेत त्या," मी म्हटलं. "विमान चालवतात."

मामाने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही चपला चोरायच्या टोळीचा मुकादम मीच. तेवढ्यात बाई मांडवाच्या मागून आल्या आणि थेट मामालाच धरलं. "जनरेटरची वायर पाण्यात पडलीय. तिकडं पोरं खेळतात. आधी उचला." मामा पळत गेला. वायर खरंच पाण्यात होती. नंतर त्याने पंगतीत बाईंच्या पानात स्वतः जिलेबी वाढली, पण त्या उभ्यानेच खात होत्या, म्हणून तोही वाढता वाढता त्यांच्या मागे फिरत होता.

त्यांचा भाऊ अधूनमधून तांदूळ घेऊन यायचा. शांत, कमी बोलणारा माणूस. एकदा मी त्याला म्हटलं, "तुमच्या बहिणीची ही फेरी मारायची सवय पहिल्यापासूनची का?"

"नाय हो," तो म्हणाला. "बाय लहानपणी सरळ घुसायची. गोठ्यात, विहिरीत, कुठंपण. तिकडून आली ती अशी आली. आता घरात यायच्या आधी गोठ्याला चक्कर मारते. शेजारीपाजारी हसतात. आमी काय विचारत नाय."

उड्डाणाची परीक्षा दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका फ्लाइंग क्लबच्या धावपट्टीवर होती. बाई सकाळी गेल्या त्या दोन दिवसांनी परत आल्या. आमच्या घराला एक फेरी मारली, दारापर्यंत आल्या, आणि आत न येता दुसरी मारली. बायको म्हणाली, "काहीतरी बिघडलं."

नापास झाल्या होत्या. बाकीचं सगळं उत्तम. एकाच गोष्टीत गेलं. परीक्षक विमान धावपट्टीच्या बरोबर वर नेतो आणि इंजिनाचा जोर काढून घेतो. आता इंजिन बंद पडलं असं समजायचं, आणि आहे तेवढ्या उंचीच्या जिवावर तरंगत खाली येऊन पट्टीवर उतरायचं.

"छान आणलं मी," बाई येरझारा घालत सांगत होत्या. "वळसा बरोबर, वेग बरोबर. पट्टीच्या तोंडाशी आले, झाडाच्या उंचीवर. आणि माझ्या हातानं इंजिनाला जोर देणारा दांडा पुढं ढकलला. मी नाय ढकलला मास्तर, हातानं ढकलला. पट्टीवरून सरळ पुढं निघून गेले, वर चढले, फेरी मारली आणि मग उतरले. झकास उतरले."

"मग?"

"मग तो परीक्षक, पोरगा तो, माझ्या भाच्याच्या वयाचा, मला बोलला, 'मॅडम, तुमच्याकडे इंजिन नव्हतं. कुठून आणलंत?'"

मला हसू आलं आणि ते मी कसंबसं गिळलं. बाईंनी ते पाहिलं. "हसा," त्या म्हणाल्या. "बरोबर बोलला तो. इंजिन बंद पडल्यावर फेरी मारायला जाणारी बाई मी पण नापास केली असती."

अजून एक संधी होती. पण ती पेपरांची मुदत संपायच्या आत घ्यायला हवी, नाहीतर सगळं पहिल्यापासून, आणि ती कंपनी तोवर थांबणार नव्हती. दुसऱ्या कुणी या वयात घेतलं असतं असंही नाही. त्या दिवसापासून वरच्या खोलीतल्या पावलांचा आवाज थांबेना. बायको म्हणायची, "लादी झिजेल." मला लादीचं काही नव्हतं, मला त्या आवाजाने शिकवायला जमेना. मी पोरांवर विनाकारण खेकसायला लागलो.

एका सकाळी बाई खाली आल्या. "मास्तर, मला शिकवा."

"काय शिकवू? मला सायकलवरनं पडलेलं माहीत आहे, विमानातलं काय कळतं?"

"पहिल्या खेपेला थांबायला शिकवा. तुमच्या गाडीला दोन ब्रेक हायत ना?"

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखाली आमचा एक वेगळा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की आम्ही आमच्या पायाने गाडी थांबवतो. बाईंना त्या दुसऱ्या ब्रेकचं पहिल्यापासून फार कौतुक होतं. मी म्हटलं, चला, निदान वरचा आवाज तरी तेवढा वेळ थांबेल.

आम्ही किन्हवलीच्या रस्त्याला लागलो. सुगीचे दिवस होते. पुढे एका गावाजवळ लोकांनी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलं होतं. कडेने दगड मांडलेले. आपल्याकडे दरवर्षीचं आहे ते. गाड्या उरलेल्या अर्ध्यातून जातात आणि जाताना शिव्या देतात. बाईंनी गाडी दगडांच्या बऱ्याच अलीकडे थांबवली. पुढे जाईनात. मागून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, मग बाजूने शिवी देत पुढे गेला. मी म्हटलं, "जा की, जागा आहे." त्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि त्या भाताकडे बघत होत्या.

"तिकडं मका वाळत घालतात," त्या म्हणाल्या. "विमानाच्या पट्टीवर. सपाट जागा तेवढीच असते ना. विमान आलं, वरून एक फेरी मारली, की लोक धावत येऊन गोळा करतात. मग आपण उतरायचं. सगळे तसंच करतात, मी पण करायची. एक दिवस नाय केली."

मी खिडकीतून हात काढून मागच्या गाडीला पुढे जायची खूण केली.

"मागं बाळंतीण होती, अडलेली, तिला दवाखान्याच्या गावी न्यायचं होतं. रक्त जात होतं. पाऊस समोर दिसत होता, फेरी मारत बसले असते तर पाऊस आधी पोचला असता. वरून पट्टी मोकळी दिसली. सरळ उतरले. एक म्हातारा पाऊस येतो म्हणून पट्टीच्या पलीकडच्या कडेचा मका उचलायला मधे धावला." त्यांनी गाडीचं इंजिन बंद केलं. "मी डोळखांबची हाय, मास्तर. ढग आले की माझा बाप जेवण टाकून खळ्यावर धावायचा. मला कळायला नको होतं?"

"आणि ती बाळंतीण?"

"वाचली. बाळ पण. चौकशी झाली. माझी चूक नाय ठरली. लायसन्स तसंच राहिलं." भातावरची नजर न काढता म्हणाल्या, "त्याच्यानंतर फेरी मारल्याशिवाय मी कुठंच उतरले नाय."

मग मला राग आला. कुणावर ते नक्की सांगता येत नाही. इतके दिवस मी त्या फेरीची टिंगल करत होतो, लग्नातला किस्सा चहाच्या टपरीवर रंगवून सांगत होतो. आणि आता ही बाई मला म्हणत होती की ती फेरी माझ्या अंगातून काढा.

"हे मी करणार नाही," मी म्हटलं. "मी गाडी शिकवतो. हे काम माझं नाही."

"मग कुणाचं? डॉक्टरकडं गेले तर तो लिहून ठेवील, आणि लिहिलेलं दिल्लीला जाईल. इंजिन खरंच बंद पडलं तर फेरी मिळत नाय. मागं बसलेली माणसं मरतील. म्हातारा एक होता. मागं बारा बसतात."

"उद्या सकाळी लवकर खाली या," मी म्हटलं.

शहापूरच्या बाहेर एका बंद पडलेल्या खाणीकडे जाणारा उताराचा रस्ता आहे. तिकडे सहसा गाड्या फिरकत नाहीत. न्यूट्रलवर उतार उतरणाऱ्याला मी गाडीतून खाली उतरवतो, हा माझा नियम सगळ्या तालुक्याला माहीत आहे. बाईंसाठी मी तो मोडला. वर गाडी उभी करायची, गिअर काढायचा, आणि गाडी आपोआप घरंगळायला लागली की मी जागा सांगायचो. "त्या पळसाखाली." "त्या तुटक्या पाइपापाशी." ओलांडून जायचं नाही, पहिल्याच खेपेला थांबायचं.

पहिले काही दिवस एकही जागा साधली नाही. खुणेपाशी आलं की बाईंचा पाय ब्रेकवरून उठायचा आणि गाडी सुळकन पुढे. माझा ब्रेक दाबून दाबून माझी पोटरी दुखायला लागली. मी ओरडायचो. मला दुसरी भाषा येत नाही. "नजर पुढं! पाय कुठं चालला? पळस दिसला ना? मोकळा आहे ना? मग थांबवा!" त्याही माझ्यावर ओरडायच्या. "मोकळा दिसतो वो, मोकळा हाय कशावरनं?" खाणीत आमचा आवाज घुमायचा. लाकडं घेऊन जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. नवरा-बायको भांडतायत असं त्यांना वाटलं असणार. एक म्हणालीसुद्धा, "जाऊ दे गो, घरी जाऊन भांडा."

मग एक दिवस त्या थांबल्या. पळसाखाली, जिथे सांगितलं बरोबर तिथे. माझा पाय माझ्या ब्रेकवर नव्हता, मी तो मुद्दाम वर घेऊन बसलो होतो, आणि हे बाईंना दिसत होतं. थांबल्यावर त्यांनी दार उघडलं, खाली उतरल्या आणि गाडीच्या पुढे जाऊन चाकांखाली वाकून बघितलं. तिथे काही नव्हतं. वाळलेली पानं होती. परत येऊन बसल्या आणि पट्टा लावला.

"परत," त्या म्हणाल्या.

आम्ही पुन्हा वर गेलो. त्या दिवशी त्या दर वेळी थांबल्या आणि दर वेळी खाली उतरून बघून आल्या. आणखी काही दिवसांनी बघायला उतरायचंही सोडलं. मी बायकोला सांगितलं, "झालं. आता पास होतील." बायको म्हणाली, "मग तुमचं तोंड का उतरलंय?" मी तिच्यावर खेकसलो.

दुसऱ्या परीक्षेला गेल्या तेव्हा घरात कुणाचं लक्ष लागेना. परत यायच्या दिवशी बायकोने सकाळीच पेढे आणून ठेवले होते आणि ते दिसू नयेत म्हणून डब्यात तांदळाखाली दडवले होते. मी पोरांना सुट्टी दिली आणि उगाच गाडी पुसत बसलो. दुपार टळल्यावर गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. बाई उतरल्या. सरळ चालत आल्या, दारातून आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. घराला वळसा नाही, बोळ नाही, मागची खिडकी नाही. विचारायची गरजच पडली नाही. बायकोने डबा पालथा घालून पेढे काढले आणि अख्खा पेढा त्यांच्या तोंडात कोंबला. मलाही फार आनंद झाला, तो मी कशाला लपवू. मी टेबलावर हात आपटला.

"सांगा तरी," मी म्हटलं.

"त्यानं इंजिनाचा जोर काढला. मी खाली बघितलं. पट्टी मोकळी होती. आणलं आणि उतरवलं. एकदाच." बाई अगदी शांत बसल्या होत्या. त्यांना इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. हात मांडीवर, बूट एका जागी. "सोपं होतं, मास्तर. लय सोपं."

"मग? मी म्हटलं नव्हतं?"

"त्या दिवशी पण इतकंच सोपं होतं."

बायकोचा हात डब्यावर तसाच राहिला.

"पट्टी खरंच मोकळी होती त्या दिवशी," बाई म्हणाल्या. "चाकं टेकेपर्यंत मोकळी होती. फेरी मारली असती तरी मोकळीच दिसली असती. चाकं टेकली, विमान पळत होतं, आणि मागं ती बाळंतीण कण्हत होती. मी मान मागं वळवली. 'बघ, पोचलो,' म्हटलं तिला. पुढं बघितलं तेव्हा म्हातारा समोर होता." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "चौकशीत हे कुणी विचारलं नाय. मी पण सांगितलं नाय. फेरीचंच सांगत राहिले, लोकांना पण आणि मला पण. आज ती फेरी गेली आणि हे उरलं."

बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं, की तुम्ही काहीतरी बोला. अडलेल्या बाईला धीर द्यायला कुणीही वळलं असतं, त्यात तुमची काही चूक नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. बाई माझ्याकडेच बघत होत्या, त्याच वाक्याची वाट बघत. पण मी गाडी शिकवणारा माणूस, दिवसभर 'नजर पुढं' म्हणून ओरडणारा. मला ते बोलता आलं नाही.